चांदीच्या चहादाणीचं ठिगळ

ही गोष्ट घडलेली आहे.

हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग ऐका. जिच्यावर हे गुदरलं त्या चैतीची मुलगी फागी, म्हणजे माझी आजी. ती उगाच बडबडणाऱ्यांतली बाई नव्हती. आईने मरताना सांगितलेलं तिने आयुष्यात एकदाच सांगितलं, तेही मला, आणि सांगताना दोनदा उठून दार लावून आली.

साल एकोणीसशे तेरा. जव्हार संस्थान. भादवा सरत आला होता.

आणि वेळ... दुपारी चारची.

भुतांना रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांची भुतांशी गाठ पडलेली नाही एवढंच मी म्हणेन.

जव्हारात तेव्हा संस्थानच्या नोकरीतले एक रावसाहेब राहत. माणूस वाईट नव्हता. वेड एकच, चहाचं. आणि चहापेक्षाही त्यांच्या चांदीच्या चहादाणीचं. विलायतेला परत निघालेल्या कुणा गोऱ्या साहेबाच्या सामानाचा ठाण्यात लिलाव झाला, त्यात त्यांनी ती उचलली होती. शंभर वर्षांची तरी असेल. फुगीर पोट, बाकदार तोटी, झाकणावर चांदीची कळी. मूठ तापू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना हाडाच्या पांढऱ्या चकत्या बसवल्या होत्या.

त्या चकत्यांवरूनच घरात वाजलं. हाड लावलेलं भांडं रावसाहेबांच्या पत्नी हिराबाई स्वयंपाकघरात येऊ देईनात. “घ्यायचा तर मागच्या पडवीत घ्या तुमचा चहा,” त्यांनी बजावलं. मग पडवीत वेगळी शेगडी आली. आणि शेगडी पेटवायला, भांडं घासायला दाभोश्याच्या धबधब्याजवळच्या पाड्यावरची चैती आली.

चहा रावसाहेब स्वतःच करत. चैतीला समोर बसवून शिकवतही.

“हे बघ चैती. आधी नुसतं उकळतं पाणी घालून भांडं तापवायचं. ते ओतून टाकायचं. मग पत्ती, मग पुन्हा उकळतं पाणी. चांदी ऊब धरून ठेवते. चिनी मातीच्या भांड्यात चहा पाच मिनिटांत मरतो. इथे अर्धा तास जिवंत राहतो.”

“आन आतून एवढी काळी कशी हाय ती, साहेब? घासू का?”

“खबरदार! आतून कधीच घासायची नाही. शंभर वर्षांचा चहा आहे तो. चव त्या काळ्यातच असते.”

चैतीला हसू यायचं. मेल्या चहाचं एवढं कौतुक! पण बाहेरून ती चहादाणी रिठ्याच्या पाण्याने आणि मऊ राखेने अशी लख्ख करायची की तिला स्वतःचं तोंड दिसायचं. ते तोंड बघायला तिला आवडायचं नाही. त्या तोंडावर कुंकू नव्हतं.

तिचा नवरा कान्हा आदल्या भादव्यात तापाने गेला होता. दोन दिवस फणफणला. शेवटच्या रात्री तो एकच मागत होता.

“चैते... ऊन ऊन काय तरी दे गं.”

तिला चैते म्हणणारा जगात तो एकटाच. पण ढवळू भगताने सांगितलं होतं, सूर्य उगवेपर्यंत तोंडात थेंब घालायचा नाही. चैतीने ऐकलं. चुलीवर पेज रटरटत होती, तो हात पुढे करत होता, आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली होती.

सूर्य उगवला तेव्हा पेज होती. कान्हा नव्हता.

हे तिने स्वतःला कधीच माफ केलं नाही.

आमच्याकडे माणूस गेलं की वर्षभरात त्याचा टाक करतात. टाक म्हणजे चांदीचा दोन बोटं रुंद पातळ पत्रा, त्यावर ठोकून उठवलेला माणूस. भात पिकलं की नव्याच्या सणाला भगत तो टाक समोर ठेवतो, मेलेल्याचं नाव घेतो आणि नव्या भाताचा पहिला वाटा त्याला देतो. पहिला वाटा घेतला की मेलेलं माणूस तिथे बसतं. मग त्याला घरच्या देवांबरोबर टोपलीत ठेवतात. ज्याला बसायला जागा मिळत नाही, तो भटकतो. आणि भटकणारा आधी घरातल्या लहानाकडे येतो.

चैतीच्या घरात लहान एकच होती. पाच वर्षांची फागी. ती पाड्यावर आजीजवळ, म्हणजे चैतीच्या सासूजवळ, सकूजवळ राहायची.

म्हणून चैतीने दंडातली वाकी मोडून जिवा सोनाराकडून कान्हाचा टाक करून घेतला होता. नवं तीन आठवड्यांवर आलं होतं. तोवर टाक तिच्या पदराच्या गाठीत होता.

आणि मग ती चूक झाली.

रावसाहेब मोखाड्याकडे फिरतीवर गेले होते. चारपर्यंत येतो म्हणाले होते. चैतीने चहादाणीत पाणी भरून ते ऊन राहावं म्हणून ती थेट निखाऱ्यांवर ठेवली. घरी पेजेचं मडकं ती असंच ठेवायची. पावसाने घाट अडला. साहेब उद्या येतील असा निरोप आला, तोवर पाणी आटून तळाला गेलं होतं.

टप...

टप... टप...

निखारे चुरचुरले. तळाचा जुना झाळलेला सांधा वितळून रुपयाएवढं भोक पडलं होतं!

चैतीने विस्तव बाजूला सारला. चहादाणी लुगड्यात गुंडाळून ती तशीच पावसात जिवा सोनाराकडे धावली.

जिवाने भांडं उलटंपालटं करून पाहिलं. “चांदीला चांदीच लागते, चैती. कथलाचं ठिगळ साहेब पहिल्याच दिवशी ओळखतील.”

“मजजवळ चांदी नाय.”

“परवा टाक नेलास तो?”

चैतीचा हात पदराच्या गाठीवर गेला.

“कान्हा बसलाय का त्यात?”

“नाय. नव्याला बसवायचा हाय.”

“मग आता कुणाचा आहे तो?”

चैतीने गाठ सोडली. टाक जिवाच्या हातावर ठेवला आणि म्हणाली,

“अजून कुणाचाच नाय.”

हे शब्द तोंडातून निघाले आणि सोनाराच्या भट्टीतला जाळ एकदम बसला. जिवा वाऱ्याला शिव्या देत पुन्हा फुंकायला लागला. त्याने काम मात्र नेटकं केलं. टाकाची पाठ बाहेर, आकृती आत. बाहेरून ठिगळ ओळखू येईना. आतल्या काळ्या पोटात मात्र तळाशी एक छोटा चांदीचा माणूस वर बघत होता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता रावसाहेबांनी मोजून चार कप पाणी घातलं.

ओतले तर तीनच भरले.

“गळते की काय?” त्यांनी तळाला बोट लावलं. तळ कोरडा होता.

तिसऱ्या दिवशीही तीनच. त्यांनी चैतीकडे संशयाने पाहिलं. चौथ्या दिवशी चहादाणी स्वतःच्या मांडीजवळ ठेवून झाकणावर हात दाबून बसले.

तेव्हा तो आवाज आला.

सुर्रर्र...

भांड्याच्या आतून. कुणीतरी ऊन पेज भुरकावी तसा. आणि मागोमाग समाधानाचा एक हुंकार...

“हां.”

रावसाहेबांनी हात झटकन मागे घेतला. “पाणी निवताना धातू असा वाजतो कधी कधी,” ते म्हणाले. कुणाला सांगत होते कोण जाणे.

चैती घाबरली का? नाही. खरं सांगायचं तर तिला हुंदका फुटला, आणि तो आनंदाचा होता. पानाच्या द्रोणातून पेज पिऊन झाल्यावर कान्हा असाच ‘हां’ म्हणायचा. तो आला होता. वर्षभर तहानलेला तिचा माणूस चहा पीत होता.

मग मात्र एकेक विचित्र दिसायला लागलं.

ऊब धरून ठेवणारी ती चहादाणी उकळतं पाणी घातल्याबरोबर गार पडायला लागली. आणि एका दुपारी चैतीने पाहिलं, तोटीतून वाफ बाहेर येत नव्हती.

वाफ आत जात होती...

रावसाहेबांचं मात्र भलतंच झालं. तो गारढोण चहा त्यांना सोडवेना. एरवी एकदा घेत, ते आता दिवसातून पाचदा घ्यायला लागले. “चैती, काय चव आलीय गं हल्ली! कशाची बरं ही... पेजेची का?” त्यांनी जन्मात पेज चाखली नव्हती.

पंधराव्या दिवशी त्यांना ताप भरला.

वैद्य आले. ताप उतरेपर्यंत तोंडात काही घालू नका म्हणाले. हिराबाई उशाशी बसून राहिल्या. नव्याच्या आदल्या दिवशी चैती पडवीत होती. घर चिडीचूप होतं. आतून हाक आली.

“चैते...”

तिच्या हातातला चिमटा गळून पडला.

“चैते... ऊन ऊन काय तरी दे गं.”

आवाज रावसाहेबांचा होता. बोली त्यांची नव्हती.

हिराबाई पांढऱ्याफटक चेहऱ्याने दारात आल्या. “चैती, हे कसं बोलताहेत गं? तुला चैते कधीपासून म्हणायला लागले?”

“तापात माणूस काय बी बोलतो, बाईसाहेब.”

“मी देवाला दिवा लावून येते. तू जरा बस त्यांच्यापाशी.”

चैती बसली. रावसाहेबांनी हात पुढे केला. अगदी तसाच, गेल्या वर्षी कान्हाने केला होता तसा.  गेल्या खेपेला ऐकलं होतं. आता कुणाचं ऐकायचं नाही! तिने पाणी उकळलं, चहादाणी तापवली, चहा केला. पहिला कप भरून तो रावसाहेबांच्या तोंडाला लावला आणि हळूच म्हणाली,

“घे, कान्हा. पी.”

सुर्रर्र...

“हां.”

पहिला वाटा दिला, नाव घेऊन दिला. काय केलं हे तिला तेव्हा कळलंच नाही. तिच्या डोक्यात एकच होतं. उद्या नवं आहे, टाक पाड्यावर पोचला पाहिजे, नाहीतर हा फागीकडे येईल. ती पडवीत गेली, चहादाणी उलटी केली आणि विळ्याचं टोक ठिगळाखाली घातलं.

घड्याळात चार वाजले.

ठिगळ कट् करून निघालं. त्याच क्षणी रावसाहेबांच्या खोलीतून एक मोठा, लांब श्वास ऐकू आला. मग काहीच नाही. ना कण्हणं, ना खोकला.

टाक काळाठिक्कर पडला होता. आकृती ओळखू येत नव्हती. चैतीने तो गाठीत बांधला आणि कुणाला न सांगता दाभोश्याची वाट धरली. वाटेत ती गाठीशी बोलत होती. “चल घरी. आता चल.” गाठ तिला नेहमीपेक्षा जड लागत होती.

दुसऱ्या दिवशी अंगणात नवं मांडलं. सकूने टाक दुधाने धुतला. काळं काही गेलं नाही. ढवळू भगताने तांदळाचे दाणे हातात घेतले, कान्हाचं नाव घेतलं, नव्या भाताचा वाटा पुढे ठेवला. भगताचं अंग थरथरायला लागलं.

“आलास का रं माझ्या लेकरा?” सकूने विचारलं. “बोल काय तरी.”

भगताने मान वर केली. त्याने उभ्या जन्मात जव्हारचा बाजारसुद्धा धड पाहिला नव्हता. तो अगदी स्वच्छ, शहरी बोलीत म्हणाला,

“पाणी उकळलं का? आधी भांडं तापवा. मग पत्ती.”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

“हे कोण आहेत सगळे?... हिरा कुठे आहे?”

सकूच्या डोळ्यांना धार लागली. “ऐकलंस का गं चैती? मेल्यावर शहाणा झाला माझा पोर. साहेबावानी बोलतो!”

चैतीने पदराची रिकामी गाठ मुठीत घट्ट धरली.

टाक बसला. टोपली झाकली गेली.

चार दिवसांनी ती जव्हारला परत गेली. तिला बघायचंच होतं. रावसाहेब गेल्याचं कानावर येईल असं तिला वाटत होतं.

रावसाहेब गेले नव्हते. खडखडीत बरे झाले होते. मागच्या पडवीत उकिडवे बसून दाभोश्याच्या दिशेने बघत होते. बाजूला भोक पडलेली चहादाणी तशीच लवंडलेली होती. तिच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

“चैते,” ते म्हणाले. “फागी कशी हाय?”

चैती दोन पावलं मागे सरली.

हिराबाईंनी तिला दाराआड ओढलं. तेवढ्या दिवसांत दहा वर्षांनी म्हाताऱ्या दिसत होत्या. “चैती, साहेब उठले, पण माझ्याशी बोलत नाहीत गं. परक्या बाईकडे बघावं तसे बघतात. तुला काही ठाऊक आहे का? तुझ्या पाया पडते, असेल तर सांग.”

सांगितलं असतं तर? भगत टाक उठवू शकला असता, आत बसलेल्याला मोकळं करू शकला असता. ज्याचं त्याला मिळालं असतं. पण मग कान्हा पुन्हा मेला असता. त्या पडवीत तिचा माणूस श्वास घेत होता. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या कातडीत, पण श्वास घेत होता.

“नाय, बाईसाहेब,” चैती म्हणाली. “मला काय ठाऊक नाय.”

या उत्तरासाठी मी तिला दोष द्यावा की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिने ते काम सोडलं आणि पाड्यावर निघून आली.

वर्ष गेलं. टोपलीतल्या त्या टाकाशी सकू रोज बोलायची. भात कसं आहे, नाचणी कशी आहे, फागी किती वाढली. चैती तेवढा वेळ बाहेर जाऊन उभी राहायची. कधी कधी तिला टोपलीतून नखाने पत्रा खरवडल्यासारखा आवाज येई...

पुढच्या नव्याला, ऐन दुपारी, अंगणाच्या कडेला एक माणूस येऊन थांबला. अंगात उंची कोट, पाय अनवाणी. जव्हारपासून चालत आला होता.

“अगं बाई, रावसाहेब!” सकू लगबगीने उठली. तिने घोंगडी टाकली. “बसा साहेब. गरिबाच्या घरी कुठं आलात?”

तो बसला. सकूकडे बघत राहिला. 

“आये... ऊन ऊन काय तरी दे.”

“देते की, साहेब. पर जरा कळ काढा. आधी माझ्या कान्हाचा वाटा.”

चैती पुढे झाली होती, ती तिथेच थांबली. सकूने नव्या भाताची वाफाळती पेज द्रोणात ओतली आणि आत नेऊन टाकासमोर ठेवली. हात जोडले. पोराची सगळी विचारपूस केली. तिला काही घाई नव्हती.

तो अंगणात बसून होता. आईला बघत होता. 

मग त्याच्यापुढे द्रोण आला. पेज निवली होती.

सुर्रर्र...

“हां.”

सकूचा हात अधांतरी राहिला. “माझा कान्हा बी अस्साच पेज प्यायचा, साहेब,” ती म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

त्याने फागीच्या डोक्यावरून हात फिरवला. फागी परक्या माणसाला घाबरून आईमागे लपली. मग तो उठला आणि नदीच्या वाटेने चालू लागला. चैतीने हाक मारली नाही. काय नावाने मारणार होती?

दोन दिवसांनी दाभोश्याच्या धबधब्याखाली रावसाहेबांचं प्रेत सापडलं. संस्थानच्या माणसांनी ते मानाने जव्हारला नेलं. तिकडे काय विधी झाले, कुणाच्या नावाने पिंड ठेवले, ते आम्हाला माहीत नाही.

त्या दिवशी चैतीने नदीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं.

“कुणाचं सुतक गं?” सकूने विचारलं.

“साहेबाचं मीठ खाल्लंय, आये,” चैती म्हणाली.

टोपली आता माझ्या घरात आहे. दर नव्याला मी टाकांसमोर वाटा ठेवतो. त्या काळ्या टाकासमोर ठेवलेल्या पेजेला कधीच कुणी शिवलेलं नसतं, हे मी स्वतः पाहत आलोय. त्यातल्या रावसाहेबांना उठवावं, कान्हाचा नवा टाक करून त्याला घरी आणावं, असं मनात अनेकदा येतं. दोन भगतांना विचारूनही झालं. दोघांनी टोपलीकडे पाहिलं, आणि दोघेही न बोलता निघून गेले.

कारण टाक बसवायचा तर नाव घ्यावं लागतं. आणि कान्हा म्हणून हाक मारली तर यावेळी कोण येईल... हे कुणालाच सांगता येत नाही.

परवा नवं आहे. भगत कुणी तयार नाही. हाक मीच मारायची आहे.